गाडीचा पिकअप गेला कुठे?

खंबाटकीचा चढ गेल्या वर्षीपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी यंदा दुसरा मागू लागते. दोनपदरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकायला बाहेर काढावी, अ‍ॅक्सिलरेटर दाबावा आणि गाडी उचलूच नये, तेवढ्यात समोरून एसटी दिसावी, असा प्रसंग आला की मालक गॅरेज गाठतो आणि सांगतो, ‘पिकअप घेत नाही.’ तिथून खर्चाची रांग लागते. प्लग बदलले जातात, एअर फिल्टर बदलला जातो, इंजेक्टर साफ होतात, टाकीत कसलेसे द्रव्य ओतले जाते आणि शेवटी ‘पंप टाकून बघू’ इथवर गोष्ट येते. यातल्या एखाद्या पार्टने गाडी सुधारतेही. पण खराब नेमके काय होते, ते कोणालाच कळलेले नसते आणि चांगले पार्ट भंगारात गेलेले असतात.

पाना हातात न धरताही या तक्रारीचे बरेचसे निदान मालकाला स्वतः करता येते. पार्किंगमध्ये थोडा वेळ, ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी आणि एक स्वस्त स्कॅनर एवढे पुरते. सुरुवात एकाच प्रश्नापासून करायची: इंजिन ताकद कमी देते आहे, की इंजिनाने दिलेली ताकद चाकांपर्यंत पोचत नाही? या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. हा प्रश्न न विचारता थेट प्लग खोलायला घेणाऱ्या ठिकाणी गाडी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी खात्री: दोष आहे की गाडीचा स्वभाव?

काही तक्रारींत गाडीचा दोषच नसतो. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन हवेच्या दाबावर जगते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३७० मीटरवर आहे आणि तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा १२-१३ टक्के विरळ असते. ताकदही साधारण तेवढीच घटते. त्यात पाच माणसे, डिकीत सामान आणि एसी चालू असेल, तर एक लिटरचे इंजिन पसरणीच्या वळणावर धापा टाकणारच. हीच गाडी वाईत उतरल्यावर पूर्ववत झाली, तर गॅरेजला नेण्याचे कारण नाही.

सीएनजीचेही तसेच. वायू इंधन सिलिंडरात हवेची जागा खातो, म्हणून त्याच इंजिनाची ताकद सीएनजीवर कमी भरते. मारुती अर्टिगाच्या १.५ लिटर इंजिनाचा कंपनीचा आकडा पेट्रोलवर सुमारे १०३ पीएस आणि सीएनजीवर सुमारे ८८ पीएस आहे. म्हणजे जवळपास १५ टक्के घट कारखान्यातूनच येते. डिझेलमध्ये गैरसमज वेगळा असतो. स्विफ्ट, डिझायर, पुंतो, मान्झा अशा कितीतरी गाड्यांत बसलेल्या आणि आपल्या रांजणगावातही तयार झालेल्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाचा कमाल टॉर्क २,००० आरपीएमच्या आसपास मिळतो. त्याच्या बऱ्याच खाली, तिसऱ्या गिअरमध्ये स्पीडब्रेकर ओलांडून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी क्षणभर सुस्त वाटते. तिथे गिअर उतरवणे हाच उपाय.

वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर सध्या सगळे खापर फुटते. अशा पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा प्रतिलिटर ऊर्जा ६-७ टक्के कमी असते, त्यामुळे मायलेज घटते हे खरे. पण इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ती उणीव जास्त इंधन सोडून भरून काढतो. इंधनामुळे ट्रक ओलांडता येईना, एवढा फरक पडत नाही. तेवढा पडला असेल तर दोष दुसरीकडे शोधा.

खात्री करायची तर मोजा. रहदारी नसलेला, सपाट, ओळखीचा रस्ता निवडा. एसी बंद, दोन माणसे, इंजिन गरम. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटरवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन ६० पर्यंत किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने मोबाइलवर मोजावे. चालवणाऱ्याने घड्याळाकडे बघू नये. एकदा जाताना, एकदा येताना मोजून सरासरी काढा आणि वहीत लिहून ठेवा. गाडी ठणठणीत असतानाच हा आकडा नोंदवून ठेवला असेल तर उत्तमच. ‘पूर्वीसारखी ओढत नाही’ या वाक्याला मग वजन येते.

घट अचानक आली की हळूहळू, हेही आठवा. एका दिवसात आलेली घट बहुधा सुटलेली नळी, बंद पडलेली कॉइल, खराब पेट्रोल किंवा अडकलेला ब्रेक सांगते. महिनोन्‌महिने सरकत आलेली घट चोंदलेल्या फिल्टरकडे, दमलेल्या पंपाकडे, झिजलेल्या क्लचकडे किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे बोट दाखवते.

बॉनेट उघडण्याआधी

अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली वाकून बघा. बाजारातून आणलेले जाड थ्रीडी मॅट पुढे सरकून पेडलखाली अडकते आणि पेडल पूर्ण दाबलेच जात नाही. हे किरकोळ वाटते, पण खूप ठिकाणी दोष इथेच निघतो. तेच मॅट उलट अडकले तर पेडल दाबलेलेच राहण्याचाही धोका असतो, म्हणून अशी मॅट हुकांनी पक्की बसवली पाहिजेत.

टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील स्टिकरप्रमाणे आहे का पाहा. टायरचे मापही तपासा. दिसायला रुबाबदार म्हणून मोठी अलॉय आणि रुंद टायर चढवले असतील, तर गाडी जड ओढणारच. त्या गाडीच्या इंजिनात दोष शोधण्यात अर्थ नाही.

मग ब्रेक. आठ-दहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरून गाडी चालवा, थांबवा आणि प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या. लावू नका, भाजेल. पुढची चाके मागच्यांपेक्षा गरम असतात, ते ठीक. पण डावे आणि उजवे यांत मोठा फरक जाणवला तर ते गरम चाक अडकते आहे. ऑनलाइन मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आकडाच मिळतो. आपल्या हवामानात हा दोष नेहमीचा आहे. कोकणात पावसाळ्यात गाडी आठवडाभर हँडब्रेक ओढून उभी राहिली की मागच्या ड्रममध्ये लायनर चिकटतात, पुढच्या कॅलिपरच्या पिना गंजतात आणि पॅड डिस्कवरून पूर्ण सुटत नाही. इंजिन तेवढीच ताकद देते, पण तिचा काही भाग ब्रेक तापवण्यात जातो. जास्त दिवस गाडी उभी करायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत, हँडब्रेक सोडून ठेवावा.

क्लचची परीक्षाही सोपी आहे. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण सुटलेला असताना इंजिनाचे आरपीएम आणि गाडीचा वेग यांचे नाते पक्के बांधलेले असते. एक वाढला की दुसरा त्याच प्रमाणात वाढलाच पाहिजे. मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४५-५० च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा एकदम वर उडाला, इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. जळका, तिखट वास आला तर शंका उरत नाही. याच्या उलट, काटाच सुस्तपणे चढत असेल तर क्लच निर्दोष, इंजिनच ताकद देत नाही. या एका चाचणीने अर्धा प्रश्न सुटतो. एएमटी, म्हणजे क्लच-गिअर आपोआप चालवणाऱ्या गाड्यांतही आत साधाच क्लच असतो आणि तोही झिजतो, हे अनेकांना माहीत नसते.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

ताकद इंजिनातच कमी पडते हे ठरले की ओबीडी स्कॅनर लावा. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्यात बसणारे ब्लूटूथचे छोटे यंत्र हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपशी जोडले जाते. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी ते लावावे, कारण अर्धवट नोंदलेले, ‘पेंडिंग’ कोड दिवा न लावताही आत बसलेले असतात. दिसलेल्या प्रत्येक कोडचा आधी फोटो काढा. पुसायचे नंतर. बॅटरीची तार काढून ‘रिसेट’ करण्याची सवय फार वाईट आहे, कारण तिने कोडबरोबर ईसीयूने जमा केलेला सगळा पुरावा जातो.

कोड म्हणजे पार्टचे नाव नव्हे. ‘पी०१७१’ आला की काही ठिकाणी लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तो कोड एवढेच म्हणतो की मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. सेन्सरने फक्त ही बातमी दिली. बातमी आणणारा बदलून मूळ दोष कसा जाईल? ‘पी०३०२’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरात मिसिंग आहे, तिथे इंधन नीट पेटत नाही. ते प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की व्हॉल्वमुळे, हे तपासूनच ठरते.

कोडपेक्षा मोलाचे असते ते चालू माहितीचे पान. त्यात ‘फ्युएल ट्रिम’ नावाचे दोन आकडे असतात, एक तात्कालिक आणि एक दीर्घकालीन. ईसीयू हवेच्या हिशेबाने इंधन सोडतो, धुरातला ऑक्सिजन सेन्सर निकाल कळवतो आणि ईसीयू दुरुस्ती करतो. ती दुरुस्ती टक्क्यांत इथे दिसते. शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडे-तिकडे असेल तर इंजिन सुखात आहे. जुन्या गाडीत वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल असेल तर चार-पाच टक्के अधिक दिसणे स्वाभाविक आहे. पण दोन्हींची बेरीज सतत अधिक दहाच्या वर राहिली तर इंधन कमी पडते आहे किंवा न मोजलेली हवा कुठून तरी आत घुसते आहे.

या दोघांतले नेमके कोणते, तेही ट्रिमच सांगतो. गाडी उभी असताना, आयडलिंगवर आकडा मोठा आणि २,५०० आरपीएमवर रेस धरली की तो खाली येतो, तर थ्रॉटलनंतरची एखादी व्हॅक्यूम नळी फाटली आहे; रेसवर येणाऱ्या भरपूर हवेत तेवढी गळती नगण्य ठरते. याउलट, आयडलिंगवर आकडा बरा आणि चढावर, जोर पडताच वाढत जातो, तर इंधन पुरत नाही: दमलेला पंप, चोंदलेली जाळी किंवा इंजेक्टर. हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत तो मळला तरी हेच चित्र दिसते, म्हणून पंपावर खर्च करण्याआधी तो त्याच्यासाठीच्या खास स्प्रेने साफ करून पाहावा. कार्ब्युरेटरचा स्प्रे त्यावर मारू नये. पंप आणि नळी यांतला गोंधळ हजारो रुपयांचा असतो आणि तो हा एक आकडा मिटवतो. म्हणूनच मी स्वतःच्या गाडीचा स्कॅनर बाळगण्याचा आग्रह धरतो.

दुसरा आकडा मॅनिफोल्डच्या दाबाचा. किल्ली चालू, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेइतका असतो: मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरात ८६. चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, टर्बो नसलेल्या इंजिनात तो पुन्हा याच आकड्याच्या जवळ आला पाहिजे. दहा-बाराने खालीच राहिला तर आत येणारी हवा कुठेतरी अडते आहे. हा आकडा शेजारी बसलेल्याने वाचावा. त्याच अ‍ॅपमध्ये पेडल आणि थ्रॉटल किती टक्के उघडतात तेही दिसते. इंजिन बंद ठेवून पेडल तळाला दाबा. आकडा सावकाश आणि सलग चढला पाहिजे. मध्ये उडी मारत असेल तर पेडलचा सेन्सर संशयित.

हवा, ठिणगी, इंधन

हवा अडण्याचे पहिले कारण एअर फिल्टर. ऊसतोडीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यांवर फिरणारी किंवा सतत बांधकामाच्या धुळीत उभी राहणारी गाडी कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरांच्या निम्म्यातच फिल्टर भरते. डबा उघडलाच तर नीट बघा: आपल्याकडे त्यात उंदरांची घरटी निघतात. कापूस, कागद, दाणे, सगळे आत. उंदीर वायरीही कुरतडतात, म्हणून सेन्सरकडे जाणाऱ्या वायरींवर टॉर्च फिरवा. थ्रॉटल बॉडीवर काळी काजळी बसली असेल तर ती साफ करावी, पण त्याने मुख्यतः आयडलिंग आणि सुरुवातीची उचल सुधारते. पूर्ण वेगातला पिकअप तिथे क्वचितच अडकलेला असतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बोटाने ढकलू नये आणि सफाईनंतर ईसीयूला नवे आयडलिंग शिकवून घ्यावे.

ठिणगीचा दोष ओळखू येतो तो झटक्यांवरून. गाडी सलग सुस्त नसते, अडखळत उचलते, विशेषतः चढावर. प्रत्येक सिलिंडरावर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत एक बिनखर्ची युक्ती आहे. कोड दुसऱ्या सिलिंडरचा असेल तर किल्ली बंद करून दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावा, कोडचा फोटो असल्याने तो पुसा आणि फेरी मारा. मिसिंग आता पहिल्या सिलिंडरात दिसले तर कॉइल खराब. दुसऱ्यातच राहिले तर कॉइल सोडून प्लग, मग इंजेक्टर बघा. इंजिन चालू असताना कॉइल किंवा प्लगची वायर उपसून ‘कोणता सिलिंडर मेला’ हे शोधण्याची जुनी पद्धत आता वापरू नये. झटका जीवघेणा असू शकतो आणि ईसीयूही जळू शकतो.

काढलेला प्लग फेकू नका, वाचा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर येते आहे. चारही प्लग रांगेत मांडले की वेगळा पडलेला लगेच दिसतो. साधे निकेलचे प्लग आणि महागडे इरिडियम यांच्या आयुष्यात मोठे अंतर असते. आपल्या गाडीत कोणते आहेत ते पुस्तिकेत पाहा आणि त्याच क्रमांकाचे घ्या.

सीएनजी गाडीच्या मालकाकडे तर निदानाचे आयते साधन आहे: इंधन बदलण्याचे बटण. तोच रस्ता, तोच गिअर, एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर. सुस्ती फक्त सीएनजीवर असेल तर दोष गॅसच्या बाजूला, म्हणजे गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर किंवा ट्यूनिंग यांत. फक्त पेट्रोलवर असेल तर पंप आणि पेट्रोलचे इंजेक्टर. बऱ्याच मालकांची गाडी महिनोन्‌महिने सीएनजीवरच धावते आणि पेट्रोलची टाकी राखीव साठ्यावर पडून असते. तिथे हा दोष हमखास सापडतो. दोन्हींवर सारखीच सुस्ती असेल तर प्लग, कॉइल, हवा, धूर आणि कॉम्प्रेशन यांकडे वळा. गॅसला पेटायला जोरदार ठिणगी लागते, म्हणून प्लगचा दोष आधी सीएनजीवर जाणवतो, हेही ध्यानात असावे. सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनात व्हॉल्वच्या बैठका झिजून फट कमी होते आणि गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण मिटत नाही. ही फट, म्हणजे टॅपेट, तपासण्याची तारीख म्हणूनच टाळू नये.

पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवते. सतत दोनशे-तीनशेचे पेट्रोल भरून टाकी तळाशी ठेवण्याने त्याचे आयुष्य घटते. पंपाचा दाब गॅरेजमध्ये गेज लावूनच मोजून घ्यावा, घरी पेट्रोलच्या नळ्या सोडू नयेत. बहुतेक साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरावा. आणि मोजमाप आयडलिंगवर पुरत नाही; दमलेला पंप आयडलिंगवर पूर्ण दाब दाखवतो आणि जोर पडला की खचतो.

धुराची वाट

आत आलेली हवा बाहेर गेली नाही तर नवी येणार कुठून? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला की हेच होते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी बरी वाटते, मग एका वेगाच्या वर जायला ठाम नकार देते, रेस ३,००० च्या आसपास गुदमरते, मायलेज पडते, खालून जास्त उष्णता येते. प्लग, फिल्टर, पंप सगळे बदलून झाले तरी गाडी जशीच्या तशी, अशा कथांचा शेवट वारंवार इथे होतो. चाचणी सोपी आहे: मेकॅनिक पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज बसवतो. २,५०० आरपीएमवर तीन पीएसआयहून जास्त दाब दिसला तर वाट अडलेली आहे.

कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. मिसिंग असलेल्या सिलिंडरातले न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन पेटते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते, किंवा जळणारे ऑइल तिच्यावर थर चढवते. म्हणून चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा. ती खूण कन्व्हर्टर जाळू शकणाऱ्या मिसिंगची आहे. दीड हजाराची कॉइल दुर्लक्षिली की कित्येक हजारांचा कन्व्हर्टर जातो. आणि नवा बसवण्याआधी मिसिंग मिटवले नाही तर तोही त्याच वाटेने जातो. काही जण आतली जाळी फोडून ‘मोकळा’ करून देतात. ते बेकायदा आहे, आणि आपल्या शहरांची हवा श्वसनाच्या रोग्यांना आधीच सोसवत नाही. कृपया तो मार्ग घेऊ नका.

डिझेलवाल्यांसाठी

डिझेलमध्ये धूर बघा. जोर दिल्यावर काळा धूर आणि सुस्ती म्हणजे डिझेल येते, हवा येत नाही. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी फाटली किंवा क्लिप सुटली की नेमके हेच होते, बरोबर ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि नळीच्या सांध्यावर तेलाचा ओलसर डाग दिसतो. टर्बो गेला म्हणून घाबरण्याआधी या नळ्या हाताने चाचपून घ्या. इंजिन थंड असताना. धूर नाही, ताकदही नाही, तर डिझेल फिल्टर पाहा. पावसाळ्यात त्यात पाणी साठते आणि ते खालच्या स्क्रूतून काढता येते.

गाडी अचानक एका मर्यादेवर अडकली, २,५००-३,००० च्या वर जाईना आणि दिवा लागला, तर ईसीयूने इंजिन वाचवण्यासाठी स्वतःच ताकद कापली आहे. याला लिम्प मोड म्हणतात. किल्ली बंद-चालू करून गाडी पुन्हा धावू लागते म्हणून विषय सोडू नका, कोड वाचून घ्या. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो भरत जातो, कारण ती काजळी जाळायला लागणारे ६०० अंशांच्या आसपासचे तापमान तिथे गाठलेच जात नाही. दिवा लागताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर सलग चालवावी. ज्यांचे रोजचे अंतर इतकेच आहे, त्यांनी डिझेल गाडी घेऊच नये असे मला वाटते.

एवढे सगळे तपासूनही कारण हाती लागले नाही, तरच कॉम्प्रेशन मोजायचे. सिलिंडरांत परस्परांमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर झीज किंवा गळका व्हॉल्व. सगळेच सारखे कमी असतील तर टायमिंग चेन ढिली होऊन दात चुकला आहे का, ते पाहावे. ‘इंजिन बांधावे लागेल’ हे वाक्य या मोजमापाआधी कोणी उच्चारले, तर दुसरीकडे विचारा.

गॅरेजमध्ये

‘पिकअप नाही’ एवढेच सांगू नका. ‘चौथ्या गिअरमध्ये चढावर, इंजिन गरम झाल्यावर, २,५०० च्या पुढे अडखळते, सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर, क्लच घसरत नाही, हा कोडचा फोटो’ असे सांगितलेत तर चांगल्या मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो. त्याला शेजारी बसवून फेरी मारा. एका वेळी एकच पार्ट बदलायला सांगा आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. निदानासाठी घेतलेल्या वेळेचे पैसे मात्र खळखळ न करता द्या. तपासण्याचे पैसे कोणी देत नाही म्हणूनच पार्ट बदलून बघण्याची पद्धत रुजली आहे.

इंजिन तापल्यावरच येणारा दोष सर्वांत चिवट असतो. कॉइल किंवा सेन्सर थंड असताना व्यवस्थित चालतो, अर्ध्या तासाने बिघडतो आणि गॅरेजमध्ये गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी काहीच सापडत नाही. अशी गाडी गरम असतानाच दाखवायला न्यावी. स्कॅनरच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये नोंद साठवण्याची सोय असते. ती सुरू ठेवून रोजचा प्रवास करा, दोष येईल त्या क्षणाचे आरपीएम, ट्रिम आणि दाब आपोआप नोंदले जातील.

दुरुस्तीनंतर कोड पुसले की दिवा लगेच विझतो, पण ईसीयूच्या स्वतःच्या सगळ्या तपासण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचे शहरातले आणि महामार्गावरचे मिश्र चालवणे लागते. त्या आठवड्याच्या शेवटी स्कॅनर पुन्हा लावा. पेंडिंग कोड नसेल, दीर्घकालीन ट्रिम पाच टक्क्यांच्या आत आला असेल आणि तिसऱ्या गिअरमधले सेकंद कमी झाले असतील, तर गाडी बरी झाली. नसेल, तर काढलेला जुना पार्ट आणि हे आकडे घेऊन त्याच गॅरेजमध्ये परत जा.